डाव्या गार्डची जागा

रविवारी सकाळी बोहुमिल वोंद्रानं 'कुरिअर' दैनिकाचं क्रीडापान कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरलं. घरात येऊन हात धुतले, कॉफी ओतून घेतली आणि दोन घोट झाल्यावर पुन्हा खुराड्याकडे गेला. रागाच्या भरात मजकूर नीट वाचायचा राहिला होता, आणि नीट वाचल्याशिवाय नीट चिडता येईना. कोंबड्या हुसकून त्यानं पान उचललं, झटकलं आणि कुंपणाशी उभं राहून पहिल्यापासून वाचायला घेतलं.

लेख रेनाटाचा होता. त्याच्या पोटच्या मुलीचा. दर ऑगस्टला, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, ती लूप व्हॅली विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडून काय अपेक्षा ठेवावी ते लिहायची. या वेळी तिनं पुढची फळी घेतली होती. चेंडू घेऊन धावण्याचं भाग्य ज्यांच्या वाट्याला कधी येत नाही, ती पाच धिप्पाड पोरं. क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्यांना छातीवर घ्यायचं, त्याला चेंडू फेकायला दोन श्वासांची उसंत मिळवून द्यायची, एवढंच त्यांचं काम. वोंद्रांच्या घरात दुसऱ्या कुठल्या जागेवर कुणी खेळलंच नव्हतं. बोहुमिल त्या फळीत डावा गार्ड होता. त्याचा थोरला, ॲन्टन, त्याच जागेवर खेळला. ॲन्टन पुढे मक्याच्या शेतात ट्रॅक्टरवर बसल्या जागी गेला, छातीत कळ येऊन. आणि आता त्याचा मुलगा टोबिन डावा गार्ड होता. फळीला शिकवणारा कोच होता बोहुमिलचा धाकटा, मायलो.

आणि रेनाटानं लिहिलं होतं: 'उजवी बाजू भक्कम आहे. मधला पोरगा डोक्यानं खेळतो. पण गेल्या वर्षी जिथून पाणी शिरलं ती भेग तशीच आहे. सेमिसी ताउफासारखा गडी सरावात रोज समोरच्याला मागे रेटतो आणि रोज दुसऱ्या फळीत जाऊन उभा राहतो. कारण डाव्या गार्डच्या जागेवर सध्या खेळाडू नाही, आडनाव उभं आहे.'

बोहुमिल स्वयंपाकघरात आला. त्याची बायको अल्बीना कणकेचे गोळे उकळत्या पाण्यात सोडत होती.

"ती आज माझ्या टेबलाला बसणार नाही," तो म्हणाला.

"टेबल माझ्या बापानं दिलंय," अल्बीना वळूनही न बघता म्हणाली. "कोण बसणार ते मी बघेन. तू ते पान आधी बाहेर टाक. कोंबड्यांची शीट लागलीय त्याला."

हंगामाआधीच्या रविवारी सगळ्या वोंद्रांनी अल्बीनाच्या हातचं भाजलेलं बदक खायला यायचं, हा नेम होता. ॲन्टन गेला त्या वर्षीही तो मोडला नव्हता.

*

रेनाटा फाटकाशी गाडी थांबवून बसून राहिली होती. अंगणात मायलोची गाडी दिसत होती, म्हणजे टोबिनही आलेला; संघाच्या सराव-शिबिरातून त्याला आज अर्ध्या दिवसाची सुट्टी असणार. शेजारी कोरिनची जुनी निळी गाडी. ॲन्टनची बायको शाळेची बस चालवायची, आणि आपली गाडीही बससारखीच आडवी लावायची.

येऊ नये असं रेनाटाला दहादा वाटून गेलं होतं. पण सकाळी आईचा फोन आला होता. "ये. बदक सगळ्यांच्या मापानं आणलंय." एवढंच बोलून आईनं फोन ठेवला होता.

ती आत आली तेव्हा सगळे बसले होते. तिची खुर्ची जागेवर होती. बोहुमिलनं मान वळवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. टोबिन उठला, त्यानं तिच्या गालाला गाल लावला आणि खाली बसला. एवढा मोठा पोरगा, पण आज खुर्चीत मावत असल्यासारखा वाटत होता.

प्रार्थना झाली. आमेन म्हणताना मायलोचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि त्याच दमात तो म्हणाला, "आडनाव उभं आहे! वा! आख्ख्या नेब्रास्काला कळलं, मायलो वोंद्रा पुतण्याला पोसतो म्हणून. मुख्य कोचनं मला काल बोलावून विचारलं, हे काय आहे? बहिणीचं प्रेम आहे, म्हणून सांगितलं मी."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," रेनाटा म्हणाली.

"मग काय! डावे गार्ड आमच्याकडे डझनभर आहेत. लोकांना कळणार कसं!"

"जे लिहिलं त्यात खोटं काय ते सांग."

"खोट्याखऱ्याचा प्रश्न नाही!"

"माझ्या धंद्यात तोच असतो, मायलो."

"धंदा!" बोहुमिल खिडकीशी बोलला. "घरच्या माणसाला चव्हाट्यावर आणायचं, हा धंदा. मी तुला खांद्यावर बसवून स्टेडियम दाखवलं ते यासाठी."

"बाबा, तुम्ही खांद्यावर ॲन्टनला बसवायचात. मी आईचं बोट धरून चालायचे."

अल्बीनानं बदकाचा पाय उचलून बोहुमिलच्या ताटात घातला. "खा. थंड होतंय."

*

कोरिननं अजून घास घेतला नव्हता. तिनं लेख बस धुताना वाचला होता. कुणीतरी हसत हसत आणून दिला होता. हसत हसत, हे तिच्या जास्त मनाला लागलं होतं. गावातली माणसं टोबिनला बघून हात करतात, दुकानात त्याच्या पिशव्या उचलून देतात, आणि आता हीच माणसं हा लेख कापून भिंतीवर लावतील.

"एक विचारू, रेनाटा?" ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला होता. "ॲन्टन असता तर लिहिलं असतंस हे?"

रेनाटानं काटा खाली ठेवला. "लिहिलं असतं."

"नसतं लिहिलंस. त्यानं दार तोडून तुझ्या ऑफिसात येऊन जाब विचारला असता. पोराला बाप नाही, म्हणून तुझी लेखणी सरसावली. बिनबापाच्या पोरावर कुणीही हात साफ करून घ्यावा!"

"आई," टोबिन म्हणाला.

"तू गप्प. तुझ्यासाठीच बोलतेय मी. आणि ही तुझी आत्या! तू आजारी असताना रात्र रात्र बसायची, म्हणून हिला मी बहीण मानत आले."

रेनाटाचा चेहरा लाल झाला. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. एकच वाक्य बोलली असती तरी टेबलाभोवतालचा सगळा राग तिच्यावरून उठून दुसरीकडे गेला असता. त्याऐवजी तिनं गोळ्याचा तुकडा रश्शात बुडवला आणि खाल्ला.

आता बोहुमिल वळला. इतका वेळ मनात धरलेला प्रश्न त्यानं काढला. "सरावाचं मैदान बंद असतं. पत्रकाराला आत पाऊल टाकू देत नाहीत. मग तुला कसं कळलं कोण कुणाला रेटतो ते? आतलं कुणीतरी फुटलंय. कोण?"

"ते सांगत नसतात, बाबा."

"माझ्या घरात बसून मला नाही म्हणतेस?"

"कुठेही बसून नाहीच म्हणेन."

"मी सांगतो कोण ते," मायलो म्हणाला. त्यानं तोंड पुसलं. "ताउफा. दुसरं कोण असणार? दिसायला गरीब, बोलत नाही, मान खाली घालून असतो. पण आतल्या गाठीचा. सगळ्यांच्या पुढे जायची घाई झालीय त्याला, म्हणून हिच्या कानाशी लागला. उद्या बघतोच. दुसऱ्या फळीत काय, त्याला बाकावरही जागा ठेवणार नाही मी. त्याची शिष्यवृत्ती माझ्या एका शब्दावर आहे."

"त्यानं काही सांगितलं नाही मला," रेनाटा पटकन म्हणाली. "मी त्याच्याशी आयुष्यात कधी बोललेले नाही."

"मग नाव सांग."

"मायलो, त्या पोराला हात लावू नकोस. मी शपथेवर सांगते."

"नाव सांग, नाहीतर उद्या सकाळी—"

"मी," टोबिन म्हणाला.

*

त्याला वाटलं होतं, हे म्हणताना आवाज फुटेल. तसं झालं नाही. 

"मीच आत्याला फोन केला होता. लिही म्हणून मीच सांगितलं."

अल्बीनाचा हात भांड्यावर तसाच राहिला. बोहुमिल नातवाकडे पाहत राहिला, जणू तो अनोळखी भाषेत बोलला होता.

"तू?" मायलो म्हणाला. "माझ्या पाठीमागे?"

"पाठीमागे नाही, काका. तुला आधी सांगितलं होतं. वसंतातल्या सरावात सांगितलं, जुलैत तुझ्या ऑफिसात येऊन सांगितलं. सेमिसी माझ्यापेक्षा चांगला आहे, त्याला पुढे घाल. तू म्हणालास, पुन्हा हे तोंडातून काढू नकोस."

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"मागच्या नोव्हेंबरात आपल्या क्वार्टरबॅकचं, ड्रूचं गळपट्टीचं हाड मोडलं. कुणाच्या बाजूनं आला तो माणूस? माझ्या. मला वळसा घालून गेला. मी वळेपर्यंत ड्रू जमिनीवर होता, आणि तो ओरडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. सेमिसी तेव्हा बाकावर बसला होता. रोज सराव संपला की तोच थांबून मला पाय कसे टाकायचे ते दाखवतो. माझी जागा घ्यायला हवी त्यानं, आणि तो मला ती कशी राखायची ते शिकवतोय! मला त्याच्याकडे बघवत नाही, काका. आणि तू म्हणतोस तो आतल्या गाठीचा?"

मायलो उभा राहिला. खुर्ची मागे कलंडली. "मी ॲन्टनला शब्द दिलाय! त्याच्या पोराला त्याच्या जागेवर उभं करीन म्हणून. तुम्हा कुणाला काही वाटत नसेल, मला वाटतं. मी माझी नोकरी पणाला लावली तुझ्यासाठी."

"कधी दिलास शब्द?" कोरिननं विचारलं.

"काय?"

"ॲन्टन ट्रॅक्टरवर गेला. एकटा. दुपारी जेवायला का आला नाही म्हणून बघायला मी गेले होते. त्यानं तुझ्याकडून शब्द घेतला कधी?"

मायलोनं पडलेली खुर्ची उचलली. मग म्हणाला, "चर्चमध्ये. शवपेटीशी उभा होतो तेव्हा. मनात."

"मनात!" कोरिनही उठली. आता तिचा आवाज खाली नव्हता. "शब्द तुझ्या मनात, आणि फेडतंय कोण? माझं पोरगं. त्याला बघून लोक हुर्यो करतात तेव्हा तू खाली मैदानावर असतोस. वर येऊन माझ्याशेजारी बस एकदा. मागच्या रांगेतला माणूस काय काय म्हणतो ते ऐक. मला वाटत होतं, टोबिनला ही जागा हवीय, म्हणून मी दात ओठ खाऊन ऐकून घेत होते. त्याला नकोच होती! तू एकदा तरी विचारलंस त्याला?"

"तू तरी विचारलंस का?" मायलो म्हणाला.

कोरिन मग खाली बसली. तिनं आंबट कोबीचं भांडं उचललं आणि रेनाटापुढे सरकवलं. माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं. रेनाटानं कोबी वाढून घेतला.

बोहुमिलला मात्र अजून एकच गोष्ट दिसत होती. "तू जागा सोडतोस?" तो नातवाला म्हणाला. "माझी जागा. तुझ्या बापाची. हातानं उचलून परक्याला देतोस? लाज नाही वाटत?"

"लाज वाटते, आजोबा. म्हणूनच फोन केला."

"आमच्या वेळी कुणी पाय मोडून घेतला तरी जागा सोडत नसे!"

"बोहुमिल," अल्बीना म्हणाली. ती कधी टेबलाशी आवाज चढवत नसे, आणि आताही चढवला नाही. पण तिनं हातातला चमचा असा ठेवला की सगळे तिच्याकडे पाहू लागले. "लग्न झाल्यापासून मी या टेबलाशी ऐकत आलेय, कुणी कुणाला कसं अडवलं. बदकं भाजून भाजून माझे हात गेले आणि तुमच्या गप्पा संपल्या नाहीत. आज पहिल्यांदा एकजण खरं बोलला, तर तू त्याला लाज विचारतोस? मला विचारशील तर आज मला तुझीच वाटतेय."

म्हाताऱ्यानं रुमाल ताटावर टाकला. बदकाचा पाय तसाच सोडून तो बाहेर निघून गेला. पाठोपाठ मायलोही गेला. खसखशीच्या कोलाच्यांना, जेवणानंतरच्या गोड पावांना, त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

*

टोबिनला विद्यापीठात सोडायला रेनाटा निघाली. दोन्ही बाजूंना मका उभा होता, गाडीच्या वर जाणारा. ती म्हणाली, "मी तुझं नाव कधीच सांगितलं नसतं, गाढवा."

"माहीत आहे. पण तो सेमिसीचा काटा काढणार होता."

"हो."

"आत्या, एक सांगू? रागावू नकोस."

"आज आणखी एक राग मला सोसेल."

"'आडनाव उभं आहे' हे मी म्हटलं नव्हतं." तो समोर रस्त्याकडे बघत होता. "मी म्हटलं होतं, सेमिसी चांगला आहे. मी कुणीच नाही, असं नव्हतं म्हटलं. मी पहाटे उठून वजनं उचलतो. ती जागा मला पेलत नाही, पण मी तिथे नुसता उभा नसतो. ते वाक्य तू घातलंस, कारण ते वाचायला छान लागतं."

रेनाटानं गाडीचा वेग कमी केला.  

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

"म्हणजे? छापणार आहेस का?"

"नाही. पण बरोबर आहे."

तो अजून चिडलेलाच होता. उतरताना त्यानं दार जोरात लावलं, आणि मग खिडकीतून वाकून म्हणाला, "सावकाश जा."

*

सोमवारी सरावात मायलोनं टोबिन आणि सेमिसी दोघांना एकाच कसोटीवर आणलं. रागानं आणलं. संघातला सगळ्यात दांडगा बचावपटू पुढे उभा केला आणि आळीपाळीनं दोघांना त्याच्यावर सोडलं. टोबिन दोनदा टिकला, मग सरकत सरकत मागे आला. सेमिसी ताउफा खाली वाकला, हात आत घातले आणि त्या दांडग्याला न धावता, न ओरडता, कपाट सरकवावं तसं मागे नेऊन सोडलं. पुन्हा. पुन्हा. बाकीचे खेळाडू बघायला थांबले.

मायलोला यात नवीन काही दिसलं नाही. हे तो वसंतापासून बघत आला होता. फक्त इतके दिवस बघून झाल्यावर तो मान फिरवत असे, आणि आज फिरवता आली नाही. कारण पुतण्या बाजूला उभा राहून त्याच्याकडेच टक लावून पाहत होता.

"ताउफा, पहिल्या फळीत," तो म्हणाला. "वोंद्रा, दुसऱ्या."

तो टोबिनशी आणखी काही बोलला नाही. त्या आठवड्यात नाही आणि पुढच्याही नाही. टोबिननं हेल्मेट उचललं आणि दुसऱ्या फळीत जाऊन उभा राहिला. वाटेत सेमिसीनं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

*

पहिल्या सामन्याला जाणार नाही, असं बोहुमिलनं घरात, दाढीच्या दुकानात आणि चर्चच्या पायऱ्यांवर जाहीर केलं होतं. शनिवारी तो सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला. "जागेचे पैसे भरलेत," तो म्हणाला. अल्बीनानं काही विचारलं नव्हतं.

स्टेडियममध्ये तो हाताची घडी घालून बसला. एका बाजूला अल्बीना, दुसऱ्या बाजूला कोरिन. डाव्या गार्डच्या जागेवर परका आकडा घातलेली पाठ वाकली, तेव्हा तो शेजारच्या मैदानावरचे झेंडे बघू लागला. पण चेंडू हलला की त्याची मान आपोआप फळीकडे वळायची. इतक्या वर्षांत त्यानं सामना असाच पाहिला होता. चेंडू कुठे जातो ते त्याला नंतर लोकांकडून कळायचं.

मध्यंतराच्या थोडं आधी सेमिसीनं समोरच्याला उचलल्यासारखं बाजूला काढलं. एवढी मोठी वाट मोकळी झाली की धावणारा गडी तिच्यातून थेट शेवटच्या रेषेपर्यंत गेला. स्टेडियम उभं राहिलं. तेवढ्यात गवतावर पिवळं फडकं पडलं. पंचानं हात करून सांगितलं: डाव्या गार्डनं हात छातीबाहेर नेऊन समोरच्याला धरून ठेवलं, नियमाविरुद्ध. धाव रद्द.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घ्या! हा नवा तर जुन्याहून वाईट!"

"धरलं?" बोहुमिल उठला होता. त्याच्या गुडघ्यांना उठायचं नसायचं, पण आज त्यानं त्यांना विचारलंच नाही. "धरलं म्हणतोस? अरे आंधळ्या! हात आत होते! छातीवर होते! याला धरणं म्हणतात?" मग तो मागे वळला. "आणि तू! तू आयुष्यात कधी कुणाला अडवलंयस का रे? त्या पोरानं जे केलं ना, ते करायला मला चार हंगाम लागले!"

मागचा माणूस गांगरला. "अहो, पण तुमचा नातू तर बाकावर बसलाय ना?"

"नातवाचं काय घेऊन बसलास! त्याचे हात आत होते!"

कोरिननं त्याचा शर्ट धरून खाली ओढलं. तो बसला आणि लगेच पुन्हा उठला. शेवटी, सामना हातात आल्यावर, टोबिनला काही खेळींसाठी आत सोडलं, तेव्हा कोरिन उभी राहिली आणि ती खाली बसलीच नाही. मागच्या रांगेतून या वेळी कुणी काही बोललं नाही.

रविवारी सकाळी रेनाटाचा फोन वाजला. त्या जेवणानंतर बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"एक वाक्य?" तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "त्या ताउफावर आख्ख्या वृत्तांतात एक वाक्य? आणि तेही, 'एका चुकीमुळे धाव रद्द झाली'?"

"बाबा, जागा कमी होती."

"क्वार्टरबॅकच्या केसांवर लिहायला होती जागा! त्या पोरानं सगळा सामना पाठीवर उचलला, आणि तू त्याच्या माथी चूक मारतेस? कुठली चूक? पंच आंधळा होता, तशी तूही?"

"इतके दिवस बोलला नाहीत, आणि फोन केलात तो हे ऐकवायला?" आता तीही चिडली. "आणि चूक होतीच. त्याचा उजवा हात बाहेर गेला होता. मी वर पत्रकारांच्या खोलीतून स्पष्ट पाहिलं."

 मग म्हाताऱ्याचा आवाज असा आला की तिनं फोन कानापासून लांब धरला.

"वरून काय दिसतं, कपाळ? पुढच्या शनिवारी खाली ये आणि माझ्याशेजारी बस. मग दाखवतो तुला हात कुठे होते ते."

सामना चालू असताना पत्रकारांना खाली प्रेक्षकांत बसता येत नाही, हे ती सांगणार होती. त्यानं त्याआधीच फोन ठेवून दिला होता.